रेकॉर्डिंग झालं, आता पाहायचं कशावर?

टीव्ही स्मार्ट आहे, रेकॉर्डिंग घरातल्याच कॉम्प्युटरवर आहे, मग मध्ये आणखी एक बॉक्स कशाला? टीव्हीचे कार्यक्रम घरच्या घरी रेकॉर्ड करण्याची सोय केली, की हा प्रश्न हमखास पडतो. पाठोपाठ दुसराही येतो. बॉक्स घ्यायचाच झाला, तर तीसेक डॉलरची स्टिक घ्यावी की दोनशे डॉलरचा प्लेअर? दुकानात याचं उत्तर किमतीच्या क्रमाने मांडून ठेवलेलं असतं. पण महागडा बॉक्स एखाद्या वाहिनीवर अडखळतो आणि स्वस्त बॉक्स तीच वाहिनी सहज दाखवतो, असंही घडतं. त्यामुळे निवडीची सुरुवात रेकॉर्ड झालेल्या फाइलपासून करायची आणि दुकानात शेवटी जायचं, हा क्रम सोयीचा.

प्रश्न डॉलरमध्ये आहे, कारण ही हौस मुख्यतः अमेरिकेतली. तिथे १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचं अॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं आणि हवेतून येणारा टीव्ही जवळपास पूर्ण डिजिटल झाला. सीबीएस, एनबीसी, एबीसी, फॉक्स आणि पीबीएस ही जाळी आजही साध्या अँटेनावर फुकट दिसतात, आणि वर्षानुवर्षं चालत आलेल्या प्रक्षेपणाला कसलंही कुलूप नाही. भारतात चित्र वेगळं आहे. मुंबईत नोव्हेंबर २०१२ पासून केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. केबल किंवा डीटीएचच्या बॉक्सवर केलेलं रेकॉर्डिंग सहसा त्याच बॉक्सवर चालतं, दुसरीकडे नेलं तर उघडत नाही. प्लेअर कोणता घ्यावा हा प्रश्न पडायला मुळात निवडीचं स्वातंत्र्य लागतं. ते न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला आहे. फुटबॉल आणि स्थानिक बातम्या अँटेनावर, मराठी मालिका इंटरनेटवरच्या ॲपवर, अशी त्या घराची दुहेरी गरज असते. ती पुढे निवडीच्या आड येते.

१. एका पेटीचे तीन तुकडे

सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल आणि डिस्नी या स्टुडिओंनी त्याविरुद्ध दावा ठोकला. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सोनीच्या बाजूने कौल दिला. कार्यक्रम घरी रेकॉर्ड करून सवडीने पाहणं हा रास्त वापर ठरला. आजच्या सगळ्या घरगुती रेकॉर्डिंगला या निकालाचा आधार आहे.

त्या काळच्या व्हीसीआरमध्ये वाहिनी पकडणारा ट्यूनर, कार्यक्रम साठवणारी टेप आणि तो दाखवणारी यंत्रणा या तिन्ही गोष्टी एकाच पेटीत होत्या. १९९९ मध्ये टिव्हो आणि रिप्लेटीव्ही आले. टेपच्या जागी हार्ड डिस्क आली, तरी पेटी एकच राहिली आणि टीव्हीही एकच. २००२ मध्ये आयझॅक रिचर्ड्स या प्रोग्रॅमरने केबलवाल्याच्या बॉक्सला कंटाळून मिथटीव्ही लिहायला घेतलं. त्यात रेकॉर्ड करणारा भाग आणि दाखवणारा भाग वेगळे होते. रेकॉर्डिंग तळघरातल्या एका कॉम्प्युटरवर करायचं आणि ते पाहायला प्रत्येक टीव्हीजवळ एक छोटं यंत्र ठेवायचं, ही मांडणी तिथून लोकांच्या हातात आली.

आज तिसरा तुकडाही सुटा झाला आहे. एचडीहोमरनसारख्या छोट्या डबीत एका बाजूने अँटेनाची केबल जाते आणि दुसऱ्या बाजूने राउटरकडे नेटवर्कची तार निघते. तेवढाच ट्यूनर. प्लेक्स, जेलीफिन, चॅनल्स किंवा मिथटीव्ही चालवणारा सर्व्हर त्या डबीकडून कार्यक्रम घेऊन डिस्कवर लिहितो. राहतो तो प्लेअर. त्याला ट्यूनर लागत नाही, मोठी डिस्कही लागत नाही. सर्व्हरकडून फाइल आणायची, उलगडायची, पडद्यावर दाखवायची आणि रिमोटचं ऐकायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून खोक्यावर छापलेल्या स्टोरेजच्या आकड्याकडे खुशाल दुर्लक्ष करावं.

२. फाइलच्या आत काय असतं

डब्याचं झाकण पाहून आतली भाजी ओळखता येत नाही. तसंच फाइलच्या नावापुढचं ‘टीएस’ किंवा ‘एमकेव्ही’ पाहून आतलं चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलं आहे, हे कळत नाही. चित्र दाबण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. प्लेअरचा खरा संबंध या कोडेकशी येतो.

अमेरिकेतल्या नेहमीच्या प्रक्षेपणात, म्हणजे एटीएससी या प्रक्षेपण मानकाच्या पहिल्या आवृत्तीत, चित्रासाठी एमपेग-२ हा कोडेक वापरतात. तो १९९० च्या दशकाच्या मध्याचा; डीव्हीडीतही तोच होता. २००३ मध्ये एच.२६४ आला, २०१३ मध्ये एचईव्हीसी आला. इंटरनेटवरून चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्या नव्या कोडेककडे सरकल्या, कारण त्यांना फक्त ॲप बदलायचं होतं. प्रक्षेपण करणाऱ्यांना ते शक्य नव्हतं. घरोघरी बसलेल्या टीव्हींना एमपेग-२ च समजत होता. त्यामुळे आजही अँटेनावरून जे रेकॉर्ड होतं ते जुन्या पद्धतीचं असतं, आणि बाजारातले बरेच नवे प्लेअर मात्र नव्या पद्धती डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. गोंधळाची सुरुवात इथे होते.

जुन्या कोडेकला जागाही जास्त लागते. एका प्रक्षेपण वाहिनीतून सेकंदाला १९.३९ मेगाबिट माहिती जाऊ शकते, पण त्यात मुख्य कार्यक्रमासोबत एक-दोन उपवाहिन्याही कोंबलेल्या असतात. मुख्य कार्यक्रमाच्या वाट्याला सेकंदाला १२ मेगाबिट आले असं धरू. तासाचे सेकंद ३,६००. गुणाकार ४३,२०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून भागाकार ५,४०० मेगाबाइट, म्हणजे जवळपास साडेपाच गिगाबाइट. तीन तासांचा फुटबॉल सामना सोळा गिगाबाइटच्या पुढे जातो. इंटरनेटवरून येणारा तेवढाच कार्यक्रम याच्या निम्म्याहूनही कमी जागेत बसतो. टीव्हीवर नेटफ्लिक्स सुरळीत चालतं, म्हणून घरचं रेकॉर्डिंगही चालेल, हा अंदाज या फरकामुळे चुकतो.

३. उलगडायचं कुणी?

सेकंदाला ६० चित्रं उलगडणं हे कष्टाचं काम आहे आणि ते तीन जागी होऊ शकतं.

पहिली जागा म्हणजे प्लेअरच्या चिपमध्ये खास त्याच कोडेकसाठी राखून ठेवलेला भाग. याला हार्डवेअर डिकोडर म्हणतात. तो वीज कमी खातो, तापत नाही आणि अडखळत नाही. दुसरी जागा म्हणजे प्लेअरचा सर्वसाधारण प्रोसेसर. प्रोसेसर दमदार असेल तर एमपेग-२ सारखा जुना, तुलनेने सोपा कोडेक तो खास मदतीशिवाय उलगडतो. तिसरी जागा खुद्द सर्व्हर. प्लेअरला एमपेग-२ अजिबात जमत नसेल, तर सर्व्हर फाइल आधी स्वतः उलगडतो, एच.२६४ मध्ये पुन्हा दाबतो आणि मग प्लेअरकडे पाठवतो. हे ट्रान्सकोडिंग.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या इतिहासात हा फरक नीट दिसतो. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला पाय विक्रीला आला. त्याच्या चिपमध्ये एमपेग-२ चा डिकोडर होता, पण बंद ठेवलेला, कारण पेटंटचं शुल्क भरलं असतं तर एवढी कमी किंमत ठेवता आली नसती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये २ पौंड ४० पेन्सला एक परवाना विकायला सुरुवात झाली. आपल्या पायचा सीरियल नंबर द्यायचा, सांकेतिक आकडा मिळवायचा आणि तो एका फाइलमध्ये लिहायचा, की तो भाग जागा व्हायचा. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी हा परवाना आवर्जून घेतला, कारण त्या पायचा प्रोसेसर एकट्याने हाय डेफिनिशन एमपेग-२ पेलू शकत नव्हता. २०१९ च्या चौथ्या पायमध्ये एमपेग-२ चा हार्डवेअर डिकोडर वापरायची गरजच उरली नाही. प्रोसेसर पुरेसा मोठा झाला होता. २०२३ च्या पाचव्या पायमध्ये तर एच.२६४ चाही खास भाग काढून टाकला आणि फक्त एचईव्हीसीचा ठेवला. दरम्यान फेब्रुवारी २०१८ मध्ये एमपेग-२ चं अमेरिकेतलं शेवटचं पेटंटही संपलं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा कोडेक नव्या यंत्राला का जमत नाही, याचं उत्तर अनेकदा तंत्रज्ञानात सापडत नाही. निर्मात्याने त्याला यादीत घेतलंच नाही, एवढंच कारण असतं. गूगलच्या क्रोमकास्टच्या यादीत एमपेग-२ नाही. तिथे सर्व्हरला ट्रान्सकोडिंग करावंच लागतं.

आपल्या घरात नेमकं काय चाललं आहे, हे पाहायला अवघड नाही. प्लेक्समध्ये एखादं रेकॉर्डिंग लावून दुसऱ्या कॉम्प्युटरवर सर्व्हरचं पान उघडलं, की त्या कार्यक्रमाच्या ओळीत ‘डायरेक्ट प्ले’ किंवा ‘ट्रान्सकोड’ असे शब्द दिसतात. डायरेक्ट प्ले असेल तेव्हा सर्व्हर नुसती फाइल पुढे ढकलतो आणि त्याच्या प्रोसेसरचा आलेख तळाशी पडून राहतो. ट्रान्सकोड म्हटलं, की तोच आलेख एकदम वर चढतो आणि जुन्या कॉम्प्युटरचा पंखा ऐकू यायला लागतो. एका टीव्हीसाठी हे खपून जातं. संध्याकाळी तीन टीव्ही एकदम लागले, की सर्व्हर मान टाकतो आणि दोष मात्र टीव्हीला लागलेल्या बॉक्सला दिला जातो.

ट्रान्सकोडिंग वाईटच, असं नाही. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये २०११ पासून क्विक सिंक नावाचा खास भाग असतो. त्याच्या मदतीने साधा मिनी पीसीही एकाच वेळी दोन-तीन कार्यक्रम बदलून देतो. टॅब्लो या रेकॉर्डरच्या सुरुवातीच्या मॉडेलांनी तर हे काम रेकॉर्डिंग होतानाच उरकून टाकलं. फाइल डिस्कवर पडायची तीच एच.२६४ मध्ये, आणि मग कुठलीही स्टिक ती सहज दाखवायची. तेवढ्यासाठी चित्राचा थोडा कस गेला तरी घरच्यांना तो जाणवत नसे.

४. दातेरी कडा

कोडेक जमला तरी एक अडथळा उरतो, आणि खेळ पाहणाऱ्यांना तो सर्वात जास्त छळतो.

सीबीएस आणि एनबीसी ही जाळी साधारणपणे १०८०आय या पद्धतीने प्रक्षेपण करतात. यात पूर्ण चित्र एका दमात येत नाही. सेकंदाच्या साठाव्या भागात विषम क्रमांकाच्या ५४० ओळी येतात, पुढच्या साठाव्या भागात सम क्रमांकाच्या ५४०. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये हे अर्धं-अर्धं चित्र नजरेत आपोआप एकजीव व्हायचं. आजचा सपाट पडदा सगळ्या ओळी एकदम उजळतो. दोन अर्धी चित्रं तशीच एकमेकांत बसवली, तर स्थिर दृश्य छान दिसतं. पण धावणारा खेळाडू पहिल्या अर्ध्या चित्रात एका जागी असतो आणि दुसऱ्यात थोडा पुढे गेलेला असतो. त्याच्या हातापायांच्या कडा मग दातेरी होतात.

हे दुरुस्त करण्याला डीइंटरलेसिंग म्हणतात. आळशी पद्धत अर्ध्या ओळी फेकून देते किंवा दोन अर्ध्यांचं एक चित्र करते. दाते जातात, पण सेकंदाला ६० ऐवजी ३० च चित्रं उरतात आणि चेंडू उड्या मारत जातो. चांगली पद्धत प्रत्येक अर्ध्या चित्रातल्या गाळलेल्या ओळींचा मागच्यापुढच्या चित्रांवरून अंदाज बांधते आणि सेकंदाला ६० पूर्ण चित्रं उभी करते. कोडी या प्लेअर ॲपच्या किंवा मिथटीव्हीच्या सेटिंगमध्ये दिसणारं ‘यादिफ’ हे याच कामाच्या एका गणिताचं नाव.

एबीसी आणि फॉक्स मात्र ७२०पी वापरतात. ओळी कमी, पण दर वेळी पूर्ण चित्र. डीइंटरलेसिंगची गरजच नाही. म्हणून असं होतं, की त्याच बॉक्सवर फॉक्सवरचा फुटबॉल सामना काचेसारखा स्वच्छ दिसतो आणि तासाभराने सीबीएसवर तोच खेळ फाटलेला दिसतो. घरचे अँटेना हलवून पाहतात, केबल बदलतात. सिग्नलमध्ये काही बिघाड नसतो. बॉक्सला डीइंटरलेसिंग येत नसतं.

याची परीक्षा मिनिटभरात होते. सीबीएस किंवा एनबीसीवरच्या बातम्यांचं रेकॉर्डिंग लावायचं आणि तळाशी उजवीकडून डावीकडे सरकणाऱ्या पट्टीकडे पाहायचं. अक्षरं न थरथरता, एका चालीत सरकली तर प्लेअर पास. अक्षरांच्या उभ्या रेघांना केसाळ कडा आल्या, तर डीइंटरलेसिंग होतच नाही. कडा स्वच्छ, पण पट्टी ठेचकाळत सरकते, म्हणजे आळशी पद्धत वापरली जाते. टीव्हीपासून तीन-चार फुटांवर उभं राहून पाहिलं, की तिन्ही प्रकार वेगळे ओळखू येतात.

५. तार की वाय-फाय

एका कार्यक्रमाला सेकंदाला १२ मेगाबिट, कधी १९ पर्यंत. साध्या नेटवर्क तारेची सर्वात जुनी प्रचलित गती १०० मेगाबिट. तारेवर चार टीव्हींना एकाच वेळी कार्यक्रम पुरवला तरी जागा उरते. त्यामुळे बऱ्याच स्मार्ट टीव्हींना आजही १०० मेगाबिटचंच पोर्ट असतं, याची चिंता करायचं कारण नाही.

वाय-फायचं गणित निराळं. खोक्यावरचा आकडा मोठा असतो, पण भिंती, शेजाऱ्यांची राउटरं आणि मायक्रोवेव्ह त्यातला बराच भाग खातात. सरासरी गती पुरेशी असली तरी ती सारखी वरखाली होते. नेटफ्लिक्ससारखी सेवा गती घसरली, की चित्राचा दर्जा गुपचूप उतरवते आणि वेळ मारून नेते. घरच्या रेकॉर्डिंगची फाइल एकाच दर्जाची असते. तिच्याकडे उतरायला पायरीच नाही, म्हणून चित्र थांबतं. स्टिक घेतली तर २.४ गिगाहर्ट्झऐवजी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा. शक्य असेल तर तिचा नेटवर्क अडॉप्टर घेऊन सरळ तार जोडावी. ॲपल टीव्ही फोर-केच्या २०२२ च्या आवृत्तीत तारेचं पोर्ट फक्त १२८ गिगाबाइटच्या मॉडेलला आहे, ६४ च्या मॉडेलला नाही. थोडे पैसे वाचवायला जाऊन नेमकी हीच सोय हातची जाते.

६. आवाज आणि अक्षरं

अमेरिकी प्रक्षेपणात आवाज एसी-३ म्हणजे डॉल्बी डिजिटल पद्धतीने येतो. अनेक कार्यक्रमांत तो पाच स्पीकर आणि एका वूफरसाठी असतो. टीव्हीचेच स्पीकर वापरायचे असतील तर फारसा विचार लागत नाही. घरात होम थिएटरचा रिसीव्हर असेल तर प्लेअरने एसी-३ चा प्रवाह जसाच्या तसा एचडीएमआयमधून पुढे दिला पाहिजे, किंवा स्वतः उलगडून सहाही वाटांनी पाठवला पाहिजे. काही प्लेअर त्याचे दोनच प्रवाह करतात. प्रेक्षकांचा गलका मागून यायचा तो समोरूनच येतो, आणि हे कुणाच्या लवकर लक्षातही येत नाही.

पडद्यावर उमटणाऱ्या संवादांच्या ओळी हा दुर्लक्षित विषय. अमेरिकेत १९९३ च्या जुलैपासून १३ इंच आणि त्याहून मोठ्या टीव्हीत त्या दाखवण्याची सोय कायद्याने सक्तीची झाली. प्रक्षेपणात या ओळी वेगळ्या फाइलमध्ये येत नाहीत. चित्राच्या माहितीतच त्या लपवलेल्या असतात. त्यामुळे टीव्हीवर थेट पाहताना दिसणाऱ्या ओळी रेकॉर्डिंग पाहताना गायब होऊ शकतात. प्लेअरच्या ॲपने त्या शोधल्याच नाहीत किंवा ट्रान्सकोडिंग करताना त्या गळून पडल्या, ही त्याची कारणं. घरात ऐकू कमी येणारं माणूस असेल, किंवा भारतातून आलेल्या आजी-आजोबांना अमेरिकी उच्चार पटकन समजत नसतील, तर बाकी सगळं पाहण्याआधी हे तपासावं.

७. पुढे पळवणं आणि रिमोट

अमेरिकेत तासाभराच्या मालिकेत प्रत्यक्ष कथा चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची असते. बाकी जाहिराती. रेकॉर्ड करून पाहण्याचं निम्मं सुख त्या ओलांडण्यात आहे. रिप्लेटीव्हीने जाहिराती आपोआप वगळण्याची सोय दिली, तेव्हा २००१ मध्ये टीव्ही कंपन्यांनी त्याच्या मालक कंपनीला, सॉनिकब्लूला, न्यायालयात खेचलं. २००३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. आज कॉमस्किपसारखा मोफत प्रोग्रॅम काळा पडदा, आवाजातला खंड, कोपऱ्यातल्या वाहिनीच्या चिन्हाचं गायब होणं यांवरून जाहिरात कुठे सुरू झाली आणि कुठे संपली याची यादी करतो. ती यादी सर्व्हरवर तयार होते, पण पाळायची असते प्लेअरच्या ॲपने. कोडी ती पाळतं. सगळीच ॲप्स पाळतात असं नाही.

आपोआप वगळणं नसलं, तरी तीस सेकंद पुढे आणि दहा सेकंद मागे नेणारी बटणं हवीतच. ती दाबल्यावर किती वेळात चित्र येतं, हे पाहावं. एमपेग-२ मध्ये पूर्ण स्वयंसिद्ध चित्र ठरावीक अंतरानेच येतं. मधली चित्रं त्याच्या आधाराने रचलेली असतात. उडी मारली, की प्लेअरला जवळचं पूर्ण चित्र शोधून तिथून सुरुवात करावी लागते. फाइल थेट वाचणारा चांगला प्लेअर हे पापणी लवायच्या आत करतो. ट्रान्सकोडिंग चालू असेल तर सर्व्हरला दर उडीला नव्याने मांडामांड करावी लागते आणि गोल फिरणारं चिन्ह पाहत बसावं लागतं. जाहिरातींच्या एका टप्प्यात अशा सहा-सात उड्या असतात.

रिमोटचा विचार शेवटी होतो आणि तक्रारी मात्र त्याच्याच जास्त येतात. एचडीएमआयमधली सीईसी ही सोय चालू केली, की टीव्हीच्याच रिमोटने बॉक्स चालवता येतो. उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा तीन रिमोट आणि दोन इनपुट यांच्या फंदात पडत नाहीत. ते सरळ टीव्ही बंद करतात आणि फोनवर मालिका पाहतात.

८. बाजारातले उमेदवार

स्मार्ट टीव्ही: आधी हाच वापरून पाहावा, कारण तो फुकट आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या, ट्यूनर असलेल्या टीव्हीत एमपेग-२ आणि डीइंटरलेसिंग दोन्ही असतं. प्रश्न एवढाच, की त्यातल्या ॲपला ते वापरता येतं का. मोठा धोका वयाचा. सॅमसंगच्या २०१० आणि २०११ च्या काही स्मार्ट टीव्हींवर १ डिसेंबर २०१९ पासून नेटफ्लिक्स बंद झालं. पडदा उत्तम होता, डोकं जुनं झालं होतं.

स्टिक: स्वस्त, सुटसुटीत, सगळी ॲप्स तयार. पण मॉडेलागणिक क्षमता बदलते. निर्माते आपल्या डेव्हलपरांसाठी कोडेकची यादी प्रसिद्ध करतात. अॅमेझॉन फायर टीव्हीच्या प्रत्येक मॉडेलची अशी यादी मिळते. खोक्यावरच्या ‘फोर-के’ या शब्दापेक्षा त्या यादीत एमपेग-२ आहे की नाही, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

ॲपल टीव्ही फोर-के: प्रोसेसर इतका जोरकस, की एमपेग-२ तो सहज उलगडतो. डीइंटरलेसिंग किती चांगलं होतं हे ॲपवर ठरतं.

एनव्हिडिया शील्ड: २०१५ चा, पण अजून टिकून असलेला. एमपेग-२ चा हार्डवेअर डिकोडर आणि तारेचं पोर्ट, दोन्ही आहेत. पहिल्या मॉडेलला दहा वर्षं अपडेट मिळत राहिले, हे या धंद्यात दुर्मीळ.

रास्पबेरी पाय: लिब्रइलेक ही कार्यप्रणाली आणि कोडी टाकला, की उत्तम रेकॉर्डिंग प्लेअर. मात्र इंटरनेट सेवांची कुलपं उघडायला लागणारी वरच्या दर्जाची परवानगी त्याच्याकडे नाही, त्यामुळे नेटफ्लिक्ससारख्या सेवा त्यावर हाय डेफिनिशनमध्ये मिळत नाहीत. मराठी मालिका आणि अँटेनाचं रेकॉर्डिंग एकाच बॉक्सवर पाहिजे असेल, तर पाय अपुरा पडतो.

जुना कॉम्प्युटर: सगळं चालतं, पण विजेचं बिल पाहावं. ६० वॉटचा कॉम्प्युटर वर्षभर चालू ठेवला तर ५२५ युनिट लागतात. ५ वॉटच्या प्लेअरला ४४. युनिटला १५ सेंट धरले, तर वर्षाला ७९ डॉलर आणि साडेसहा डॉलर असा हा फरक. एका वर्षात दोनशे डॉलरच्या प्लेअरची एक तृतीयांशाहून जास्त किंमत विजेतच जाते.

९. नव्या प्रक्षेपणाचं कोडं

नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकी नियामकाने एटीएससीच्या तिसऱ्या आवृत्तीला ऐच्छिक परवानगी दिली. दुकानात ती ‘नेक्स्टजेन टीव्ही’ या नावाने मिळते. चित्र एचईव्हीसीमध्ये, त्यामुळे नव्या प्लेअरना सोपं. आवाज मात्र एसी-४ या नव्या पद्धतीत आहे आणि तो फार थोड्या प्लेअरना उलगडता येतो. चित्र झकास आणि आवाज नाही, असा अनुभव येतो तो यामुळे. त्यावर आणखी एक गोष्ट झाली आहे: अनेक केंद्रांनी या नव्या प्रक्षेपणाला कुलूप लावलं आहे, आणि ते उघडण्याची परवानगी असलेल्या यंत्रांखेरीज कुठेही ते दिसत नाही. जुनं, खुलं प्रक्षेपण सध्या त्याच्या शेजारी चालू आहे. म्हणून आज प्लेअर निवडताना एमपेग-२ नीट चालतो का हे पाहावं, आणि नेक्स्टजेनच्या आशेवर जादा पैसे घालू नयेत.

१०. एक घर, तीन टीव्ही

समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं एक घर आहे. हॉलमध्ये ६५ इंची टीव्ही, जवळ होम थिएटर, भिंतीत नेटवर्कची तार. स्वयंपाकघरात ३२ इंची जुना स्मार्ट टीव्ही, वाय-फायवर. तिसरा पाहुण्यांच्या खोलीत.

हॉलमध्ये फुटबॉल मोठ्या पडद्यावर पाहायचा आहे, तेव्हा डायरेक्ट प्ले, उत्तम डीइंटरलेसिंग आणि सहा वाटांचा आवाज हे तिन्ही हवं. तिथे शील्ड किंवा तारेचं पोर्ट असलेला ॲपल टीव्ही घ्यावा. पैसे खर्च करायची जागा हीच. स्वयंपाकघरात भाजी परतताना बातम्या ऐकायच्या आहेत. तिथे साधी स्टिक लावून सर्व्हरला सेकंदाला ४ मेगाबिटमध्ये ट्रान्सकोड करू द्यावं. ३२ इंची पडद्यावर लांबून पाहताना फरक कळत नाही, आणि वाय-फायवरचा भार एक तृतीयांश होतो. पाहुण्यांच्या खोलीत मन स्वस्त प्लेअरकडे ओढ घेतं, पण तिथे हॉलमधलाच प्लेअर घ्यावा. आई-बाबा दुपारी हॉलमध्ये शिकलेला रिमोट रात्री खोलीत वापरू शकतात, आणि मराठी ॲप्सही त्याच जागी सापडतात.

आता सर्व्हरचा हिशोब. तिन्ही टीव्ही एकदम लागले तरी ट्रान्सकोडिंग एकाच ठिकाणचं, स्वयंपाकघरातलं. त्याला इंटेल एन१०० सारखा कमी विजेचा मिनी पीसी पुरतो. नेटवर्कवर १२, १२ आणि ४ मिळून २८ मेगाबिट. खरेदीत आधी हॉलचा एकच प्लेअर घ्यावा. त्यावर सीबीएसचा एक सामना, फॉक्सचा एक सामना, बातम्यांची सरकती पट्टी, संवादांच्या ओळी आणि चालू रेकॉर्डिंगमधल्या उड्या, हे सगळं परत करण्याच्या मुदतीत तपासून घ्यावं. त्यात काही अडलं, तर पाहुण्यांच्या खोलीसाठी दुसरा घेण्याआधीच मॉडेल बदलता येतं.